तोरीनोतली पिठाची पोती

नील्दाने शपथ घेतली ती पेट्रोल पंपावर, चार परक्या माणसांच्या हातांवर आडवी असताना.

"रेमो, ऐकतोयस ना? पुन्हा तुझ्या या गाडीत पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही!"

डोंगर उतरताना एका खड्ड्यात गाडी अशी काही आदळली होती की तिची कंबर जागच्या जागी धरली. पंपावरच्या लोकांनी तिला उचलून बाहेर काढलं, बाकावर निजवलं, कुणीतरी गरम माते, म्हणजे आमच्याकडचा पानांचा कडू चहा, पेल्यातून पुढे केला. आणि आमचा रेमो बेर्तोलीनो नुसता उभा! एका हातात बायकोची पर्स, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. कंबर जरा सैल झाल्यावर नील्दा बसने घरी गेली. रेमो एकटाच गाडी घेऊन मागून आला.

रेमो म्हणजे आमच्या गावचा बेकरीवाला. कोर्दोबाच्या डोंगरापायथ्याशी हे गाव, आणि गावाची सकाळ त्याच्या भट्टीवर उजाडते असं म्हणायला हरकत नाही. माणूस उंच, आडवातिडवा, भुवयांवर कायम पीठ. स्वभावाने गरीब, पण गाडीचा विषय काढा की लहान पोराहून वाईट. गाडी म्हणजे तोरीनो कुपे. लांब नाकाची, दोन दारांची, हिरवीगार, इथेच कोर्दोबात जन्मलेली. लग्नाआधी घेतली ती आजवर विकली नाही. चाळीस वर्षं वापरून तिच्या स्प्रिंगा पार बसल्या होत्या, शॉकप नावापुरते उरले होते. रेमोला मात्र त्यात काही वावगं दिसत नसे. तो आपला म्हणायचा, "खरी गाडी अशीच असते. रस्ता कळला पाहिजे!" रस्ता कळला तो नील्दाच्या कंबरेला.

आता तुम्ही म्हणाल, गाडीत बायको बसली नाही तर एवढं काय आभाळ कोसळलं? सांगतो. बेकरीवाल्याचा संसार कसा असतो, ठाऊक आहे? नवरा पहाटेपूर्वीच भट्टीपुढे, बायको दिवसभर दुकानात. तो झोपायला जातो तेव्हा ती गल्ल्यावर बसते, ती झोपते तेव्हा हा कणीक मळायला उठतो. उभ्या आयुष्यात ही दोघं शेजारीशेजारी, हात रिकामे ठेवून बसली ती फक्त सोमवारी. सोमवारी बेकरी बंद. सोमवारी तोरीनो निघायची, मागे टोपलीत पाव आणि सलामी, आणि डोंगरातल्या रस्त्यावर ती दोघं काय वाट्टेल ते बोलत सुटायची. मुलीचं नाव मारिसेल ठेवायचं, हे त्या गाडीत ठरलं. रेमोची आई गेली तेव्हा तो पोटभर रडला तोही त्याच गाडीत, नील्दाने रस्त्याकडेला थांबायला लावल्यावर. आता बेकरी मारिसेलने हाती घेतली होती, दोघांना वेळच वेळ होता, आणि नेमकी आताच शेजारची जागा रिकामी झाली. सोमवारी रेमो एकटाच निघायचा, चौकाला वळसा घालायचा आणि घरी यायचा.

"इतक्यात आलास?" नील्दा विचारायची.

"पेट्रोल वाचवतोय," हा म्हणायचा.

ऑक्टोबरात नील्दाच्या बहिणीची सत्तरी आली. बहीण एर्मिंदा डोंगरापलीकडे नोनो गावात राहते. जेवण सोमवारी ठेवलं होतं, मुद्दाम, बेकरीवाल्यांसाठी. नील्दाने बसचं तिकीट आणून फ्रिजवर चिकटवलं. एकच तिकीट.

"तू ये आपला तुझ्या गाडीने," ती सहज म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. पण रेमोला ते असं लागलं की त्या दिवशी त्याने पाव केला असता तर तो कुणी विकत घेतला नसता. एका घरातून एकाच ठिकाणी निघायचं आणि दोन वाटांनी जायचं? ते काही नाही. सत्तरीच्या आत गाडीचं सस्पेन्शन बदलायचं, आणि बायकोला शेजारी बसवून न्यायचं. त्याच्या अंगणातल्या शेडमध्ये पाव पोचवायच्या जुन्या गाडीसाठी खणलेला दुरुस्तीचा खड्डा होताच.

रविवारी निखाऱ्यांवर मांस भाजत असताना त्याने ही गोष्ट मित्रांना सांगितली, आणि इथेच घोळ झाला. या मित्रमंडळात एक आहे लोरो पेराल्ता. लोरो म्हणजे पोपट. तोंड मिटत नाही म्हणून गावाने ठेवलेलं नाव. तरुणपणी एका शर्यतीच्या गाडीच्या ताफ्यात होता तो. तिथे नक्की काय करायचा ते कधी उलगडलं नाही. काहीजण म्हणतात, छत्री धरायचा.

"कडक!" लोरोने हातातला फर्नेत दारूचा ग्लास आपटला. "स्प्रिंगा कडक, शॉकप कडक, सांध्यांतले रबरी बुश फेकून दे आणि प्लॅस्टिकचे कडक बसव. वळणावर गाडी झुकली नाही पाहिजे. रुळावरून चालल्यासारखी गेली पाहिजे, रुळावरून!"

"अरे, पण नील्दाची कंबर..."

"झुकत नाही त्या गाडीत कंबर कशी दुखेल लेका?"

आमच्याकडे हे असं आहे. तोरीनो म्हटली की प्रत्येक पुरुषाच्या अंगात शर्यतवाला संचारतो. रेमोच्याही संचारला. त्याने आठवडाभर खड्ड्यात राबून लोरोने सांगितलं तस्संच केलं. गाडी दिसायला लागली मात्र झक्कास! बुटकी, ताठ, दबा धरून बसलेली. रेमो तिच्याभोवती फेऱ्या मारताना दमेना. मग त्याने नील्दाच्या विनवण्या केल्या.

"चौकाची एक फेरी. एकच. मग तुझं खरं."

नील्दाने कपाळाला हात लावला, पण आली बिचारी. उशी पाठीशी घेऊन, घरातल्या वहाणा घालूनच बसली. आमच्या चौकात दगडी फरसबंदी आहे. पहिल्या कोपऱ्यावर तिने दाराचा दांडा धरला. दुसऱ्या कोपऱ्यावर तिने डोळे मिटले. तिथल्या स्पीडब्रेकरवर रेमोचेही दात एकमेकांवर आपटले.

"थांबव!"

ती उतरली, उशी काखेत मारली आणि चालत घरी निघाली. चार पावलांवर वळून म्हणाली, "बसवाला बरा. तो निदान माझा नवरा तरी नाही!"

चौकात दोमिनो खेळत बसलेले सगळे हसले. रेमोला हसू आलं नाही. तो तिथेच गाडीत बसून राहिला, आणि म्हणे स्वतःशीच मोठ्याने बोलला, "गाढवा, तुला शर्यतीला जायचंय की बायकोला न्यायचंय?"

त्या प्रश्नानंतर मात्र गडी शहाणा झाला. कडक सगळं उतरवलं. शहरात जाऊन एका जुन्या स्प्रिंगवाल्याकडून लांब आणि मऊ स्प्रिंगा वळवून घेतल्या. चांगले तेलाचे शॉकप आणले, रबरी बुश परत आणले. लोरो रोज येऊन शेडच्या दारात टेकून उभा राही.

"शववाहिका करतोयस का रे?"

"हो. पहिली फेरी तुझी," रेमो खड्ड्यातून उत्तर देई.

दाबलेली स्प्रिंग जागेवर बसवायची म्हणजे जिवाशी खेळ. निसटली तर कपाळमोक्षच. रेमो ते करताना श्वास रोखून धरायचा, आणि स्प्रिंग बसली की भट्टीतून पहिला पाव बाहेर काढल्यासारखा खूश व्हायचा. कितीतरी दिवसांनी तो गुणगुणायला लागला होता. नील्दा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होती.

शेवटी उरलं बुशांचं काम. बुश आवळायचे तर गाडी चाकांवर उभी हवी आणि आत माणसं बसलेली हवीत. गाडी हवेत लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळवटतं आणि गाडी पुन्हा ताठ ती ताठच. आता माणसं कुठून आणायची? आवळणारा खड्ड्यात, आणि नील्दाला बस म्हणायची तर हिंमत नाही. पण बेकरीवाल्याच्या घरात वजनाला काय तोटा? पंचवीस किलोची पिठाची पोती! रेमोने आपल्या जागेवर, म्हणजे डावीकडे स्टिअरिंगपुढे, तीन पोती रचली. नील्दाच्या जागेवर किती? बायकोला वजन विचारण्याएवढा तो वेडा नव्हता. त्याने अंदाजाने तिथेही तीन ठेवली, पट्टा बांधला, खाली उतरला. दोन्ही बाजू अगदी समान येईपर्यंत स्प्रिंगांखाली चकत्या घातल्या, आणि बुश आवळले.

मग स्वतःची पोती उतरवून तो हौसेने गाडीत बसला. लोरो बाहेरून ओरडला, "अरे, डावीकडे बसली!"

खरंच बसली होती, चांगली बोटभर. रेमोने पुन्हा पोती ठेवली तर गाडी सपाट. पुन्हा स्वतः बसला तर गाडी डावीकडे. डावी स्प्रिंग काढली, मोजली, परत घातली. उजवी काढली. स्प्रिंगवाल्याला फोन करून चार शब्द सुनावले, त्याने आठ सुनावले. शेड गर्दीने भरून गेली. कुणी म्हणे चौकट वाकलीय, कुणी म्हणे फरशीच वाकडी आहे. लोरोने तर डावीकडच्या टायरवर संशय घेतला. सत्तरी येऊन ठेपली होती आणि रेमो रडवेला झाला होता.

तेवढ्यात नील्दा माते चहाची किटली घेऊन शेडमध्ये आली. तिने गाडीत डोकावून पाहिलं.

"ही पट्टा बांधलेली कोण?"

"तू," रेमो पुटपुटला.

"मी तीन पोती?"

"अगं, अंदाज धरला... कमी धरली असती तर तुझ्या कंबरेला..."

"बरं. आणि ही बाजूची तीन कोण?" तिने बाजूला ठेवलेल्या ढिगाकडे हात केला.

"मी. तीन पोती. पंच्याहत्तर किलो."

नील्दाने किटली खाली ठेवली. "पंच्याहत्तर? कधी केलं होतंस वजन?"

रेमोने विचार केला. खरंच कधी केलं होतं? "लष्करात," तो म्हणाला. "सक्तीची भरती झाली तेव्हा."

सगळं आयुष्य पीठ, साखर, लोणी ग्रॅमवर तोलणाऱ्या माणसाने विसाव्या वर्षानंतर स्वतः काट्यावर पाय ठेवला नव्हता! नील्दा जी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता तिने त्याचा दंड धरला आणि बेकरीतल्या पोत्यांच्या काट्यावर नेऊन उभा केला. वरात पाठोपाठ आलीच. लोरोने आकडा वाचून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला.

"एकशे बारा! चार पोती आणि वर लोण्याचा डबा!"

असा हशा उसळला की मारिसेल दुकानातलं गिऱ्हाईक सोडून धावत आली. "स्प्रिंगवाल्याची माफी माग आधी!" कुणीतरी ओरडलं. रेमो स्वतःही पोट धरून हसत होता. कोडं सुटल्याचा आनंद त्याला एवढा झाला होता की लाज वाटायचं राहूनच गेलं.

तो काट्यावरून उतरला, आणि पाहतो तर नील्दा ॲप्रन सोडतेय. तिने वहाणा काढल्या. मग सगळ्यांकडे वळून दरडावलं, "तोंडं भिंतीकडे! सगळ्यांनी! लोरो, तूसुद्धा!"

आम्ही सगळे बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे भिंतीकडे तोंड करून उभे. मागे काट्याची फळी करकरली.

"नील्दा," रेमोचा आवाज आला. "अगं, बसच्या तिकिटाला वजन लागत नाही."

"माहीत आहे मला. आकडा बघ, आणि मुकाट्याने खड्ड्यात उतर. सोमवारी निघायचंय."

बराच वेळ रेमो काही बोलला नाही. आम्हाला वाटलं आकडा फार मोठा आहे की काय. पण नंतर कळलं, त्याचा चष्मा ओला झाला होता, आकडा दिसतच नव्हता. पुसून पुसून त्याने तो एकदाचा वाचला. काय होता ते त्याने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही, लोरोने बाटली पुढे करूनसुद्धा नाही.

सोमवारी तोरीनो निघाली. खऱ्या वजनावर आवळलेली, सपाट, निवांत. चौकातल्या दगडांवरून गेली तेव्हा आम्ही सगळे नील्दाच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने काचेतून जीभ काढून दाखवली.

डोंगर चढेपर्यंत ती बोलत होती. बहिणीबद्दल, मारिसेलबद्दल, लोरोच्या कोंबड्यांबद्दल, वर्षभराचं साचलेलं सगळं. रेमोचं लक्ष रस्त्यावर कमी आणि तिच्या कंबरेवर जास्त. माथ्यावर धुकं होतं, मग उतार, मग ऊन. ज्या खड्ड्याने घात केला होता तसे कितीतरी खड्डे गेले. गाडी नुसती खाली जाऊन हळूच वर येई. उतार संपता संपता नील्दाचं बोलणं थांबलं. पुन्हा कंबर धरली की काय? त्याने वळून पाहिलं. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळे. नील्दा गाढ झोपली होती.

त्याला ओरडावंसं वाटलं. कुणाला तरी थांबवून दाखवावंसं वाटलं, की बघा, माझी बायको झोपलीय! पण ओरडला असता तर ती जागी झाली असती. नोनो आलं. एर्मिंदाचं घर आलं, दारात फुगे, अंगणात धूर, मंडळी हात हलवताहेत. रेमोने पाय ब्रेकवर नेला आणि परत उचलला. हलवणारे हात तसेच वर राहिले, आणि तोरीनो त्यांच्यासमोरून हळूहळू पुढे निघून गेली.

"रेमो," डोळे न उघडता नील्दा म्हणाली, "घर मागे राहिलं."

"माहीत आहे."

ती पाय लांब करून सीटमध्ये आणखी खाली सरकली.

"मग चालव," ती म्हणाली.