एक मादी जास्त

इला धारप बेलव्ह्यू या अमेरिकन शहरात वाढली. आईवडील दोघं डॉक्टर, घरात अंडंसुद्धा चालत नसे. ती मात्र प्राणिशास्त्र शिकली आणि अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावरच्या एका गावात कॅरिबू, म्हणजे तिकडची रानटी हरणं, मोजायच्या सरकारी नोकरीवर गेली. पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या एल्सीनं, तिथल्या मूळ रहिवासी इन्युपियाक जमातीतल्या सत्तरीच्या बाईनं, तिच्यापुढे कॅरिबूच्या रश्शाचा वाडगा ठेवला.

"खा. दुकानातली कोबी खाऊन इथे कुणी जगत नाही."

इलानं डोळे मिटून खाल्लं. पुढच्या वर्षी ती एल्सीबरोबर मांस कापून वाळत घालायला बसू लागली.

जुलैत डास इतके चावतात की हजारो कॅरिबू डोंगरउतारावर एकमेकांना चिकटून उभे राहतात. तेव्हाच विमानातून फोटो काढायचे आणि मग कित्येक आठवडे स्क्रीनवर एकेक ठिपका मोजायचा. बारा वर्षांत कळप निम्म्याहून कमी झाला. थंडी उशिरा येऊ लागली होती. भर हिवाळ्यात पाऊस पडून गोठायचा आणि आपल्या दगडफुलासारखा त्यांचा चारा बर्फाच्या पापुद्र्याखाली अडकायचा. ते कुठल्याच कायद्यानं थांबणार नव्हतं. थांबवता येत होती ती शिकार.

शाळेच्या जिममध्ये सभा झाली. नवा नियम इलानंच वाचून दाखवला: वर्षाला माणशी पंधरा, त्यात मादी एकच.

एल्सीचा मुलगा रेमंड उठला. "ऑक्टोबरात नर माजावर येतात, त्यांचं मांस वासानं तोंडात धरवत नाही. हल्ली कळप आमच्याकडे पोचतोच तेव्हा. मग आम्ही खायचं काय?"

"माद्या मारल्या तर पाडसं कुठून येणार?" इला म्हणाली.

"तू नव्हतीस तेव्हाही येतच होती."

त्या वर्षी कळप नदीपाशी आला तो ऑक्टोबर सरता सरता. रेमंडनं दोन माद्या मारल्या. ओळखू येऊ नये म्हणून दुसरीचं डोकं नदीकाठीच टाकून दिलं आणि शिकारीवर नजर ठेवणाऱ्या वॉर्डनला तरुण नर म्हणून सांगितलं. वॉर्डननं इलाला बोलावलं. तिनं वाकून कमरेचं हाड पाहिलं; नर की मादी ते त्यावरून कळतं. रेमंड शेजारीच उभा होता, हातमोजे काढून.

"मादी," ती म्हणाली.

रायफल गेली, मांसही गेलं. ते दुसऱ्या गावातल्या म्हाताऱ्यांना वाटलं म्हणे. एल्सीच्या फ्रीझरमध्ये त्या हिवाळ्यात दुकानातली कोंबडी होती.

इला तिच्याकडे गेली. एल्सीनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"मी खोटं बोलायला हवं होतं का?" इलानं विचारलं.

"नाही. पण तुला जरासुद्धा वेळ लागला नाही, असं रेमंड म्हणाला."

वसंतात इलाला अँकरेज शहरातल्या ऑफिसात बढती मिळाली. आई फोनवर म्हणाली, "सुटलीस बाई एकदाची! निदान भाजी तरी फ्रेश मिळेल." इलानं फोन ठेवला.

जुलैच्या मोजणीत आकडा आणखी घसरला. नियम होता तसाच ठेवावा, अशी शिफारस तिनं स्वतःच लिहिली. त्याशिवाय दुसरं लिहिण्यासारखं काही नव्हतं. रिपोर्ट पाठवल्यावर तिनं एल्सीला फोन लावला. उचलला रेमंडनं.

"आई झोपलीय."

भर दुपारचे दोन वाजले होते. मागे भांड्यांचा आवाज येत होता, आणि एल्सी कुणालातरी मीठ मागत होती.