उंटाची गाठ आणि इब्रामपूरचा मोती

गेल्या महिन्यात इब्रामपूरला एका काजूच्या बागेत उंट मेला. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा उंट... सीझन संपला की मालक त्याला याच बागेत, कुसुमवहिनींकडे ठेवायचा.

मी पशुरोगांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टरांबरोबर शवविच्छेदनाला गेले. फुप्फुसात लिंबाएवढी, पाण्याने भरलेली गाठ निघाली. ही गाठ एका कृमीची. तिच्यात कृमीची जिवंत डोकी असली आणि ती कुत्र्याने खाल्ली, तर पुढे त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात... आणि ती माणसालाही बाधतात.

गाठीचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये टाकून मी लेबल लिहायला वळले. उरलेलं आधी पुरायला हवं होतं. तेवढ्यात वहिनींच्या कुत्र्याने, मोतीने, त्यातलं थोडं पळवून खाल्लं.

वहिनींची नात दिवसभर मोतीच्या गळ्यात. "बाय, ह्या चेडवाक कायतरी झालां तर?" त्यांनी विचारलं. वहिनींचे यजमान म्हणाले, "तेका रानात सोडून येतंय. उंट मेलो तो मेलो, आमका कुत्रो राखूक लावल्यान." मी म्हटलं, बांधून ठेवा, स्लाइड बघून सांगते.

चार दिवसांनी पहिली स्लाइड पाहिली. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गुलाबी थर... डोकी कुठेच नाहीत. म्हणजे गाठ वांझ, तिच्यापासून धोका नाही. लगेच फोन केला, मोतीला सोडा.

फोन ठेवल्यावर मात्र शंका आली. हवं ते दिसलं म्हणून तर मी थांबले नाही ना? गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवलेले होते; त्यातला दुसरा कापला, काही नाही. तिसऱ्यात एका कडेला डोकी होती... आतड्याला धरणाऱ्या बारीक आकड्यांसकट.

दुसरा फोन करायला बराच वेळ लागला. "वहिनी, मी चुकीचं सांगितलं." त्या म्हणाल्या, "बांधतंय. पुढचां सांग."

गाठ खाल्ल्यापासून अंडी पडायला महिन्याहून जास्त काळ लागतो, म्हणून उशीर झाला नव्हता. त्याच दुपारी मी डॉक्टरांबरोबर बागेत गेले आणि त्यांनी मोतीला जंताची गोळी दिली. ती पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती, हेही मला तेव्हाच सुचलं.

"आता चेडवाक तेच्याकडे सोडूं मगे?" वहिनींनी विचारलं.

"अजून सांगता येत नाही," मी म्हटलं. "मोतीच्या विष्ठेची तपासणी होऊ दे."

त्यांनी मान डोलावली आणि दोरीची गाठ घट्ट केली. मी एकदा चुकल्यावरही त्यांनी मला पुन्हा विचारलं... याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.