वायट मरान

देवळात मी बायकांच्या रांगेत शेवटी उभी होते. गावचे मानकरी हातात नारळ घेऊन गाऱ्हाणं घालत होते. एक माणूस गावाच्या वतीने देवाकडे मागतो, आणि प्रत्येक मागण्यावर बाकीचे एका आवाजात "होय म्हाराजा" म्हणतात. भातशेती पिकू दे. होय म्हाराजा. मुंबईची पोरं सुखी ठेव. होय म्हाराजा.

मग ते म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ज्या घरात वायट मरान झाला, त्या घराची सावली गावार पडाक देव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गावात असं घर एकच. माझं. माझ्या मुलाने, दिनूने, सहा महिन्यांपूर्वी आपला जीव दिला होता.

त्या आवाजात माझाही आवाज होता. सत्तर वर्षांची सवय. आधी तोंडाने म्हटलं, मग कानाने ऐकलं. माझ्याच मुलाला मी शाप दिला. देवासमोर, मोठ्याने.

प्रसादाचं ताट रांगेतून आलं. माझ्या शेजारणीपर्यंत आलं आणि मागे वळलं. मी हात पुढे केलेला होता. तो खाली घेतला.

रडले नाही. घरी आले, पेज तापवली, प्यायले. पेज प्यायला आता मी एकटीच. नवरा कधीच गेला होता.

दिनू छत्तीस वर्षांचा होता. जामसंड्याला गाड्या दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होता. हात चांगला होता त्याचा. मग हळूहळू गप्प झाला. कामावर जाईना. ताटात भात तसाच ठेवी. एकदा म्हणाला, "आये, माका निज येणा नाय." मी म्हटलं, "काम कर, निज येतली." दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा देवाला नारळ ठेवला. पुढे त्याने चांगले शर्ट मित्रांना देऊन टाकले. मला वाटलं, पोरगा मोठ्या मनाचा. तिसऱ्यांदा तो काही म्हणाला नाही.

त्याच्यामागे पाहुण्यांनी मला शिकवलं, "छातीत कळ इली म्हणान सांग." मी तिघांना तसं सांगितलं. चौथ्याला सांगताना जीभ वळली नाही. मुलगा गेला तो गेलाच, आता त्याचं मरणही खोटं करायचं?

कट्टा गावातल्या काजूच्या कारखान्यात मी बिया फोडते. तिथे माझा पाट बायकांनी भिंतीकडे सरकवला. का, ते कोणी बोललं नाही. दिवसभर काजूच्या चिकाने हात काळे करायचे आणि भिंतीकडे बघायचं. लग्नाची बोलावणी बंद झाली. शेजारीण विरजण मागायला येई, ती येईनाशी झाली. आणि दिनूचं नाव कोणी घेईना. "ता झाला ता झाला," एवढंच. छत्तीस वर्षं हाक मारलेलं नाव गावाने एका दिवसात टाकलं. मग मीच घरात त्याला हाक मारायची. भिंती ऐकायच्या.

वर्ष फिरलं. पुन्हा गाऱ्हाणं. पुन्हा तेच वाक्य, वायट मरान, सावली. लोकांनी "होय" म्हणायला तोंड उघडलं आणि मी त्यांच्या आधी म्हटलं,

"नाय म्हाराजा."

पुढच्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

मानकऱ्यांनी मान वळवली. "बाईमाणसान गाऱ्हाण्यात तोंड घालूचा नसता."

"मग माझ्या झिलाक, माझ्या दिनूक, तुम्ही त्यात कित्याक घालतास? तो वायट नव्हतो. आजारी होतो. माका कळला नाय. तुमका पण कळला नाय."

"म्हातारेचा डोक्या फिरला," मागून कोणीतरी म्हणालं. दोघीतिघी हसल्या. मी प्रसादाला न थांबता निघाले. त्यानंतर वाडीतल्या कुत्र्याशिवाय कोणी माझ्या अंगणात आलं नाही.

चार महिन्यांनी एका सकाळी मागच्या दारी कोणीतरी खाकरलं. बघते तर मानकऱ्यांची बायको. पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेला.

"गे बाय, तुझो झील जावच्या आधी कसो वागत होतो?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि समजले. त्यांचा धाकटा, सुहास. सावंतवाडीला कॉलेज करून आलेला.

"जेवता?"

"नाय."

"निजता?"

"नाय. कोणाकडे बोलणा नाय. काल आपलो मोबाईल भाच्याक देऊन टाकल्यान." ती रडायला लागली. "तू येशीत? मागीलदारान ये हां, लोक बघतले."

राग आला. माझ्या मुलाला गावाबाहेर टाकणारं हे घर. वाटलं, सांगावं, तुझ्या घोवाक विचार, सावली आता खंयच्या घरार पडली ती. ओठापर्यंत आलं होतं. गिळलं. त्या पोराने माझं काय बिघडवलं होतं?

"येतंय," मी म्हटलं. "पण वयनीनू, पुढच्या दारान."

भर सकाळी, वाडीच्या रस्त्याने, त्यांच्या पायऱ्या चढून मी गेले. मानकरी ओटीवर बसले होते. मला बघून उठले. सुहास खोलीत भिंतीकडे तोंड करून होता. मी जमिनीवर बसले आणि विचारलं,

"सुहास, तुका जीव देवचो असा वाटता काय रे?"

दारातून मानकरी ओरडले, "असले शब्द ह्या घरात नको!"

मी वळलेही नाही. भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळलं. मग सुहास म्हणाला, "होय, काकी." आणि लहान मुलासारखा रडला. त्याचा हात मी धरून ठेवला. माझे काळे हात, त्याचा गोरा. मानकऱ्यांना मी म्हटलं, "गाडी काढा. आत्ताच." त्यांनी काढली.

ओरोसच्या इस्पितळात मनाचे डॉक्टर असतात. ते मला म्हणाले, "आजी, स्पष्ट विचारलंत ते बरं केलंत. विचारल्याने कोणी जीव देत नाही. उलट बोलायला वाट मिळते. आता काही दिवस याला एकटा ठेवू नका." मी चौथी शिकले. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दिनूला विचारलं असतं. नंतर बाकावर बसून मी बराच वेळ तेवढंच मोजत होते. तीन वेळा त्याला विचारता आलं असतं.

सुहास अगदी बरा झाला असं मी लिहिणार नाही. गोळ्या घेतो, डॉक्टरकडे जातो. काही दिवस वाईट जातात. पण जेवतो, आणि वाईट दिवस आला की आईला सांगतो. मानकरी अजून माझ्याशी बोलत नाहीत. पाट अजून भिंतीकडेच आहे. संध्याकाळी मी एकटीच असते.

असू दे. कोण गप्प झालं, कोणाचं जेवण सुटलं, कोण आपल्या वस्तू वाटायला लागलं असं कानावर आलं की मी कामावर खाडा करते आणि त्या घरी जाते. शब्द मऊ करत नाही. सरळ विचारते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडत नाही, घरच्यांना हलवते, डॉक्टरकडे नेते. आतापर्यंत दोन घरांनी मला हाकललं. एका घराने दार लावून घेतलं. तिथे मी पायरीवर बसले. उन्हं चढली तरी बसले. पुढेही कोणी दार लावलं तर तशीच बसेन. दार आतून उघडेपर्यंत मी उठणार नाही.