तपकिरी रंगाचा रॉईस

रॉईस हॅटली आमच्या टोळीत आला तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. अमेरिकेतल्या यंग्सटाउनला मी गवंडी, तो माझ्या हाताखाली सिमेंटचा माल कालवायला. नशेच्या गोळ्या विकताना सापडलेला. तुरुंगाऐवजी प्रोबेशन मिळालं, म्हणजे बाहेर राहून ठरल्या दिवशी हजेरी द्यायची; तेही एकदा मोडलं. नशा करून नव्हे. हजेरीच्या दिवशी बस चुकली, उशिरा जायची लाज वाटली म्हणून गेलाच नाही, मग भीतीने लपून बसला. त्या लपण्यापायी आत गेला. सुटल्यावर पुन्हा प्रोबेशन; आता ही शेवटची संधी होती.

कामाला चोख. माल कधी पातळ झाला नाही. वीट मागावी लागली नाही. मी सहसा कुणाची स्तुती करत नाही.

रोज सकाळी तो प्रोबेशनच्या फोनवर त्या दिवसाचा रंग ऐकायचा; प्रत्येकाला एक रंग नेमलेला. त्याचा तपकिरी. तपकिरी पुकारला की संध्याकाळी पाचच्या आत, नशा केली का ते बघायला, लघवीच्या तपासणीला हजर व्हायचं. पोरं चिडवायची, "काय तपकिरी, आज सुट्टी का?"

"नाही रे, आज हिरवा. दिवसभर मला सोसा."

एका हिमाच्या दिवशी तपकिरी पुकारला. काम गावाबाहेर लांब. मुकादम हुडाक त्याला वेळेवर गावात नेऊन सोडणार होता, पण विटा आणताना त्याची गाडी खड्ड्यात घसरली. रॉईसने चुलतभावाला फोन केला. ड्यूई आला, मांडीत बियरचा डबा.

"बस, भाऊराया!"

रॉईस दारातच थांबला. "गोळ्या आहेत गाडीत?"

"असल्या तर? तुला कोण विचारतंय?"

"मलाच विचारतात." त्याने दार लावलं आणि हमरस्त्याकडे चालू लागला. मी थापी धुतली, त्याच्या मागे गेलो.

रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकणाऱ्या ट्रकने आम्हाला गावात आणलं. तपासणीचं दार बंद झालं होतं. रॉईस तिथेच उभा राहिला.

"संपलं," तो म्हणाला. "घरी जातो."

बराच वेळ तो बुटावरचा माल खरवडत राहिला. मग वळला, पण घराकडे नाही. कचेरीकडे.

त्याच्या प्रोबेशन अधिकारी ट्रास्कबाई कोट घालून निघाल्या होत्या.

"उशीर झाला, मॅडम. पण आलोय."

"हॅटली, उशिराची नोंद होणार."

"करा."

"आणि हे कोण?"

"माझा गवंडी. भांडखोर आहे, लक्ष देऊ नका."

बाईंनी कोट काढला, कपाटातून तपासणीचा कप घेतला आणि त्याच्यासोबत आत जायला पहारेकऱ्याला हाक मारली.

तपासणीत काही निघालं नाही. उशीर न्यायाधीशांपुढे गेला, तेव्हा बाई म्हणाल्या, "या वेळी हा लपला नाही." न्यायाधीशांनी त्याला तुरुंगाबाहेर ठेवलं. पुढच्या पानगळीत प्रोबेशन संपलं.

आता तो स्वतः भिंती बांधतो. सरळ बांधतो. सांधे अजून जरा जाड भरतो.