तटावरून फेकलेले मासे आणि एक बादली पाणी

मी पायदळातला रिटायर्ड सुभेदार. सध्याचं पोस्टिंग जर्मनीत, हायडेलबर्गला, लेकीकडे. मुक्ता तिथे पीएचडी करते. तिची मैत्रीण लिन एका चिनी सेनापतीच्या आयुष्यावर काम करते. मंगोल एकेक शहर गिळत आले, पण या गड्याने आपला डोंगरी किल्ला सोडला नाही. पाणी आटलं की शरण येतील म्हणून मंगोल खाली बसून राहिले. त्याने तटावरून मोठाले मासे आणि भाकऱ्या फेकल्या. 'खा, आमच्याकडे दहा वर्षांचं आहे.' मंगोल हटले. पुढे दरबारानेच त्याला किल्ल्यावरून हलवलं आणि तो झुरून गेला.

शनिवारी सकाळी लिन पडेल चेहऱ्याने आली. मंगळवारी तिचं व्याख्यान होतं.

"अंकल, प्रोफेसर म्हणतात, वेढ्यात कुणी अन्न फेकत नाही. मी मासे काढून टाकतेय."

"काढू नकोस," मी म्हणालो, आणि घरी कधीच न सांगितलेलं सांगितलं.

आमची पोस्ट उघड्या टेकडीवर. चौदा जण. पाण्याचा नाला खाली, त्याच्यावर शत्रूची मशीनगन. पाचव्या दिवशी ०९२० ला एक जेरीकॅन उरला. आमचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, दगडू सावंत. तो बादलीभर पाणी घेऊन उघड्यावर गेला आणि साबण लावून आंघोळ करू लागला.

मी ओरडलो, "सावंत! घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा?"

"साहेब, ते दुर्बिणीतून बघतायत. बघू द्या."

मी रेडिओ उचलला. शत्रू ऐकतो हे ठाऊक होतं. "बेस, पाणी भरपूर. ओव्हर."

नाला राखून उपयोग नाही असं वाटून १५४० ला त्यांनी नाल्यावरची मशीनगन हलवली. आम्ही पोटभर पाणी प्यालो. पोस्ट टिकली. अंगावर मूठभर मांस चढलं. पाण्याच्या शेवटच्या खेपेला मॉर्टरचा गोळा पडला आणि सावंत गेला. आम्ही तेरा जण घरी आलो.

मंगळवारी व्याख्यानात लिनने मासे सांगितले, मग सावंतची बादली. प्रोफेसर माझ्याकडे वळले.

"पाणी खरंच किती होतं?"

"एक जेरीकॅन, सर."

"गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. "मासे राहू देत."

शेवटच्या स्लाइडवर दोन नावं होती. वर सेनापतीचं, चिनीत. खाली देवनागरीत, दगडू सावंत. अक्षरं मुक्ताने लिनकडून गिरवून घेतली होती. इथे टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांची पेरं आपटतात. अख्खा हॉल आपटत होता. मला रडू आलं आणि लाज वाटली नाही. मी सावधानमध्ये उभा राहून रिपोर्ट दिला.

"सावंत, पाणी भरपूर."