आबांनी न पाहिलेला धबधबा

साऱ्या खानदेशात माझ्या सासऱ्यांना ठाऊक नाही असा एकही रस्ता नव्हता, आणि रस्ता विचारल्याशिवाय ते कुठेही जात नसत. पारोळ्याहून धुळ्याला ते आयुष्यात हजार वेळा तरी गेले असतील, पण गावाबाहेर पडलं की जीप उभी करून पहिला दिसेल त्या माणसाला विचारणारच, "भाऊ, धुयाले हाऊच रस्ता जास ना?" एकदा नाक्यावरचा पेरूवाला हात जोडून म्हणाला, "आबा, काल बी तुम्ही हाईच इचारं ना!" त्यावर आबा गंभीरपणे म्हणाले, "काल सांगं ते आज बदलनं ते नई, पाही राह्यनू." मी जळगावची, नवी सून. मला हे सगळं भारी चमत्कारिक वाटे. एकदा धीर करून कारण विचारलं, तर एरवी अहिराणी बोलणारे आबा माझ्यासाठी राखलेल्या ठेवणीतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "सूनबाई, माणूस रस्त्याच्या कडेला उभा असतो. सगळ्या गाड्या त्याच्या अंगावर धूळ उडवून जातात. कोणी काही विचारलं म्हणजे त्याला वाटतं, आपण दिसतो बुवा लोकांना."

नुसतं विचारून थांबले असते तरी चाललं असतं. पण रस्ता सांगणाऱ्याला ते गाडीत घेत. लिलावात घेतलेली ती जीप, तिचं कापडी टप दोन ठिकाणी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याने शिवलेलं. त्यात आम्ही घरची चार माणसं बसलो की वाटेत आणखी सहा चढत, एखादी शेळीही चढे. प्रत्येक जण आपापल्या फाट्यावर उतरे आणि पुष्कळदा तो फाटा आमच्या रस्त्यावर नसे. देवळांचंही तेच. वाटेतलं एकही देऊळ आबा सोडत नसत. सारंगखेड्याला दत्तापुढे हात जोडून उभे राहत ते स्वतःसाठी काही मागायला नव्हे, तर गाडीतल्या उतारूंची ओळख करून द्यायला. "हा साक्रीकडचा, देवा. याची म्हैस आटली आहे. बघ जरा."

माझ्या सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, एकच हौस होती. तोरणमाळचा धबधबा पाहायचा. माहेर कोरड्या माळावरचं, सासर पारोळ्याचं. पाणी म्हणजे विहिरीतून वर ओढायची गोष्ट, हेच त्यांना ठाऊक. ते आपणहून वरून खाली येतं, याचं त्यांना लहानपणापासून अप्रूप. आबा दर पावसाळ्यात त्यांना घेऊन निघत आणि दर पावसाळ्यात दुसरीकडेच पोचत. एका वर्षी ज्येष्ठातच निघाले, तर दोंडाईच्याच्या अलीकडे कुण्या नवरदेवाचे मामा गाडीत बसले आणि सगळी मंडळी लग्नात उतरली. आबांनी तिथे पदर खोचल्यासारखं उपरणं खोचून तीन पंगतींना बुंदी वाढली. नवरीकडचे त्यांना नवरदेवाकडचे समजत होते आणि नवरदेवाकडचे नवरीकडचे. अक्कांची ओटी भरून पाठवणी झाली. धबधबा राहिला. त्या कधी बोलून दाखवत नसत. फक्त परत आल्यावर दोन दिवस स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज जरा मोठा येई.

आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, ऐंशीच्या दशकातली गोष्ट, आम्ही खरोखरच तोरणमाळच्या घाटाला लागलो. शहाद्याच्या पुढे शेवटचा उतारू उतरला. मागे मी आणि माझे यजमान, पुढे आबा-अक्का. साग भिजून काळाभोर झाला होता. वळणावळणाला ओहोळ रस्ता ओलांडत होते, आणि अक्का प्रत्येक ओहोळाला "हाऊ का?" म्हणून विचारत होत्या. "अरे, हाई ते पोरगं शे त्यानं," आबा हसून सांगत. दुपारी वर पोचलो. धबधबा अजून दिसत नव्हता, पण त्याचा आवाज येऊ लागला. अक्कांनी पदर सारखा केला, देवळात जाताना करतात तसा.

तेवढ्यात समोरून दोघे पावरा आदिवासी भाऊ बांबूला झोळी बांधून जवळजवळ पळत आले. झोळीत त्यांची म्हातारी आई होती. "मायले साप चावना, भाऊ," थोरला धापा टाकत म्हणाला. दवाखाना खाली घाट उतरून. पायी दिवस मावळला असता.

आबांनी जीप वळवली. मग अक्कांकडे पाहिलं. इतका ओशाळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "पुढली खेपले नक्की—" त्यांनी सुरुवात केली.

"पुढली खेप नको," अक्का म्हणाल्या आणि खाली उतरल्या. "मी आजच पाहसु. तुम्ही तिले ली जा. सावकाश जाज्यात."

म्हातारीला मागच्या बाकावर निजवलं. माझ्या यजमानांना घाटात गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे आबांना जाणं भागच होतं. जीप वळणाआड गेली. त्या दिवशी म्हणे त्यांनी वाटेत कोणालाच रस्ता विचारला नाही.

आम्ही तिघं चालत निघालो. दरीच्या काठावर आलो तेव्हा ऊन पडलं होतं. सीताखाईच्या कड्यावरून पाणी कोसळत होतं. अक्का एका दगडावर बसल्या त्या बसल्याच. मी दोनदा काही बोलले, त्यांनी ऐकलं नाही. तासाभराने उठल्या, पाण्याला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "चला, म्हातारीनं काय झायं कोनजाने."

गोरखनाथांच्या देवळात आम्ही वाट पाहत बसलो. दिवेलागणीला जीप आली. आबा चिखलाने माखलेले. "वाचली," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले. डॉक्टरांनी वेळेवर सुई दिली होती. थोरला मुलगा निघताना त्यांच्या पाया पडू लागला, तर आबांनी त्याच्या गावाला जायचा रस्ता विचारून त्याला हसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना धबधबा दाखवायला नेलं. पण सारा डोंगर धुक्यात बुडाला होता. दहा पावलांवरचं दिसेना. काठावर उभं राहून नुसता पाण्याचा गडगडाट ऐकायचा. आम्ही थांबलो, पुन्हा थांबलो, धुकं काही हलेना. आबांचा चेहरा पडला. मग एरवी चार शब्दांवर न जाणाऱ्या अक्का त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी धुक्यात बोट पुढे केलं.

"आथे पहा. या बोटना समोर कायाभोर कडा शे. तठून पानी निंघस. धवं शे, निरं धवं. कोनी कापूस पिंजी पिंजी खाले टाकी राह्यनं असं दिखस."

"मंग?" आबा म्हणाले.

"मंग मधमा एक दगड शे. त्यावर आपटस नि त्याना दोन धारा होतस. डावी बारीक शे. तिना आंगे झाड शे, वाकेल."

"कसानं झाड?"

"आते ते काय माहीत! तुम्हीच जाई इचारा त्याले."

आबा मोठ्याने हसले, पण नजर हलवली नाही. अक्का किती तरी वेळ बोलत होत्या. ऊन पडलं तेव्हा तुषारांत रंग कसे उमटले, एक पाखरू पाण्यातून आरपार कसं गेलं, सगळं सांगत होत्या. मीही तिथेच होते, पण मला ते पाखरू दिसलं नव्हतं.

धुकं शेवटपर्यंत उठलं नाही. त्यानंतर काही ना काही कारणाने दोघांचं तिकडे जाणं झालं नाही, आणि आज दोघंही नाहीत. तो धबधबा मी लख्ख उन्हात, माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. पण आता आठवू गेले तर पाणी नीटसं दिसत नाही. दिसतं ते अक्कांचं धुक्यात पुढे केलेलं बोट, आणि त्या बोटाच्या रोखाने डोळे बारीक करून, मान हलवत, "हां, दिखनं, दिखनं" म्हणणारे आबा.