भांडकुदळ काकू

आमची काकू भांडकुदळ होती, हसनाबादेत कुणालाही विचारा. निजामाच्या चपराशालासुद्धा तिनं 'घोडं बांधायला आमचंच दार दिसलं का?' म्हणून हाकललं होतं. दिवसभर शेतात राबून कंबर धरत घरी आली, तरी एखादं भांडण उरकूनच जेवायची. 'भांडतंय तंवर माणूस धड,' असं तिचं म्हणणं.

मी लहान असताना माझा मोठा भाऊ, दाद्या, तापानं गेला. मी रडले नाही. सांगितलेलं काम करायची, ताटातलं अर्धं टाकून उठायची आणि भिंतीला टेकून बसायची. शेजारणी आईला म्हणत, 'किती शहाणी झाली पोर!' आईला स्वतःचंच भान नव्हतं. तिला तेवढाच आधार वाटायचा. काकू मात्र फिसकारली, 'शहाणी कशाची डोंबलाची! पोळा गेला, दिवाळी आली, पोर कुणाशी भांडली न्हाई. आतून विझून चाललीय ती.'

मग तिनंच माझ्याशी भांडणं उकरून काढली. माझ्या वाटचा पेरू खायची, वेणी मुद्दाम वाकडी घालायची. मी भिंतीला टेकलेलीच. शेवटी तीही माझ्या शेजारी भिंतीला टेकायची. 'दमवलंस गं बाई,' म्हणायची, पण उठून जायची नाही.

एका सकाळी तिनं दाद्याचा दांडू उचलून चुलीपाशी नेला. 'सरपण संपलंय, मंग हाच घालते.' मी धावले आणि तिच्या मनगटाला कडकडून चावले. 'माझ्या दाद्याचाय तो!' दांडू कवटाळून मी ओरडत होते, रडत होते. काकू मनगट धरून खाली बसली. तीही रडत होती. 'जाऊबाई, बघा तरी! चावली हो पोर, चावली!'

तेवढ्यानं सगळं बराबर झालं, असं बिलकुल नाही. मी पुन्हा पुन्हा मिटून जायची. मग काकू म्हणायची, 'तुझा दाद्या खेळात लबाड होता.'

'नव्हता!'

'मंग कसा होता, सांग की.'

मला सांगावंच लागायचं. त्यात माझं बालपण गेलं, आणि काकूचं अर्धं आयुष्य.

तिच्या शेवटच्या दुखण्यात मी सासरहून आले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. लोक म्हणाले, 'शांत झाली, बरं झालं.' मी तिची वेणी वाकडी घातली. तिच्या वाटचा पेरू तिच्यासमोर खाल्ला. ती नुसती बघत राहिली.

'अगं, भांड की!' मी ओरडले.

तिनं माझा हात हातात घेतला. 'तुझंच खरं, बाई,' म्हणाली.

उभ्या जन्मात काकू पहिल्यांदाच हरली, आणि मी ढसाढसा रडले.